दोन किलोबाइटांची आठवण

जुन्या व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की कोणी त्यांचे संगीत गुणगुणू लागतो, तर कोणी त्यांतल्या ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांविषयी हळवे होऊन बोलतो. मला सर्वांत आधी आठवते ते त्या यंत्राचे विसराळूपण. निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा, टीव्हीला जोडून खेळायचा जो कन्सोल विक्रीला आणला आणि जो १९८५ पासून अमेरिकेत व पुढे इतरत्र 'निंटेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम' या नावाने पोचला, त्याच्याजवळ खेळ चालू असताना गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी अवघी दोन किलोबाइट स्मृती होती. चित्रांसाठी आणखी दोन किलोबाइट वेगळी होती, पण ती पडद्यावरची मांडणी सांभाळण्यातच खर्ची पडे. देवनागरीतले एक अक्षर किंवा एक मात्रा संगणकावर साठवायला सर्वसाधारणपणे तीन बाइट लागतात. तेव्हा हा एक परिच्छेदसुद्धा त्या दोन किलोबाइटांत मावला नसता.

वीज बंद झाली की तेवढेही पुसले जाई. तासभर खपून मिळवलेले गुण, पार केलेल्या स्टेजेस, जपून ठेवलेले जीव हे सगळे बटण खाली पडताच नाहीसे होई आणि पुन्हा चालू केलेले यंत्र आपल्याला ओळखही दाखवत नसे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्या पडद्यावर सर्वोच्च गुणांसाठी एक जागा राखलेली होती. रीसेट दाबले तर तो आकडा टिकत असे, पण वीज गेली की तिथे पुन्हा शून्यांची रांग उभी राही. त्यामुळे आपण काय पराक्रम केला हे सांगायला साक्षीदार लागे, आणि साक्षीदार म्हणजे शेजारी बसलेले भावंड. माझ्या बाबतीत ती माझी ताई होती, आणि तिची साक्ष दर वेळी माझ्या बाजूने होईच असे नव्हते.

यंत्राला जे ठेवता येत नव्हते ते आम्ही ठेवले. काही बोटांत राहिले, काही कानांत, तर काही वहीच्या शेवटच्या पानांवर. या खेळांची आठवण इतकी घट्ट का राहिली याचे माझ्यापुरते उत्तर इथेच आहे. बालपण रम्य असते म्हणून त्यातले खेळही रम्य वाटतात, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण बालपणातल्या कितीतरी रम्य गोष्टी मी साफ विसरलो आहे. मारिओच्या पहिल्याच स्टेजमध्ये चौथ्या पाइपाच्या पुढे, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे हवेत एक न दिसणारा ठोकळा आहे आणि त्यात एक जादा जीव दडलेला आहे, हे मात्र मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. ते लक्षात ठेवणे हे माझे काम होते. यंत्र ते माझ्यासाठी करणार नव्हते.

आमच्या घरी होता तो मूळ कन्सोल नव्हेच, ती त्याची नक्कल होती. अशा नकला तेव्हा जगभर निघत होत्या. रशियात 'डेंडी' आणि पोलंडमध्ये 'पेगासस' या नावांनी विकल्या गेलेल्या नकलांवर तिथली एक पिढी वाढली, आणि त्यांपैकी अनेकांना मूळ कंपनीचे नाव कितीतरी वर्षांनी कळले असेल. या नकलांबरोबर मिळणाऱ्या कॅसेटवर हजारो, कधी लाखो गेम्स असल्याचा दावा छापलेला असे. यादीतून पाने उलटत गेले की लक्षात येई, की मोजके दहावीस खेळच नाव बदलून, रंग बदलून किंवा पुढच्या एखाद्या स्टेजपासून सुरू करून पुन्हा पुन्हा भरलेले आहेत. फसवणूक होती खरी, पण त्या दहावीस खेळांचे दळण आम्ही इतके दळले, की त्यांतली प्रत्येक फट आम्हाला माहीत झाली. खरोखर हजार खेळ मिळाले असते तर एकाचीही अशी ओळख झाली नसती.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली आणि कोजी कोंदो यांनी त्याला संगीत दिले. प्रत्येकी चार स्टेजेसची आठ जगे, अशा ३२ स्टेजेसचा हा अख्खा खेळ कॅसेटमधल्या ४० किलोबाइटांत बसवलेला होता. त्यांतली ३२ किलोबाइट प्रोग्रॅमला आणि आठ चित्रांना. प्रस्तुत लेख पूर्ण झाल्यावर संगणकावर त्याहून अधिक जागा व्यापणार आहे, आणि ही जाणीव लिहिणाऱ्याला थोडी संकोचात टाकणारी आहे. इतक्या कमी जागेत संसार करायचा तर काटकसर आलीच. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडुपे ही एकच आकृती आहे. वर ती पांढऱ्या रंगात रंगवली आणि खाली हिरव्या, एवढाच फरक. शेकडो वेळा त्या झुडुपांवरून धावत गेलेल्या डोळ्यांना हे कधी जाणवले नाही, आणि एकदा कळल्यावर आता दुसरे काही दिसत नाही. मारिओची मिशीसुद्धा अशाच टंचाईतून उगवली. १९८१ सालच्या 'डाँकी काँग'मध्ये त्याला काढायला इतके थोडे ठिपके उपलब्ध होते, की तोंड काढण्याऐवजी नाकाखाली मिशी आणि केस काढण्याऐवजी डोक्यावर टोपी देऊन मियामोतोंनी वेळ निभावून नेली.

या खेळाचा पहिला पडदा मला आजही अध्यापनाचा उत्तम नमुना वाटतो. कुठेही सूचना नाही. डावीकडे मारिओ उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचे कुठे ते आपोआप कळते. थोड्याच अंतरावर एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला टाळायला उडी मारावी तर डोके वरच्या ठोकळ्याला लागते आणि त्यातून अळिंबी बाहेर पडते. ती घरंगळत पुढच्या पाइपावर आपटते आणि उलट फिरून आपल्याच दिशेने येते, त्यामुळे घाबरून पळणाऱ्यालाही ती बहुधा लागतेच आणि मारिओ मोठा होतो. शत्रू कोणता आणि मित्र कोणता, उडीने काय साधते, ठोकळ्यात काय असते, हे सगळे अर्ध्या मिनिटात एकही शब्द न वापरता शिकवून होते.

पण खरे शिक्षण अंगठ्यांचे होते. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखे दिशांचे बटण असे, जे गुनपेई योकोई यांनी १९८२ साली निंटेंडोच्या 'डाँकी काँग' या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी बनवले होते. उजवीकडे बी आणि ए ही दोन बटणे असत. बी दाबून ठेवले की मारिओ धावे, ए दाबले की उडी मारे, आणि ए किती वेळ दाबून धरले त्यावर उडीची उंची ठरे. म्हणून उजव्या अंगठ्याचे टोक कायम बीवर रोवून त्याच अंगठ्याच्या सांध्याने ए दाबण्याची एक लकब प्रत्येक खेळणाऱ्याने, कोणीही न शिकवता, स्वतः शोधून काढलेली असे. धावता मारिओ एकदम थांबत नसे, थोडा घसरत जाई. ती घसरण किती, हे डोक्याला कधी सांगता आले नाही, पण अंगठ्याला ठाऊक होते. अवघड उडीच्या क्षणी कंट्रोलरसकट दोन्ही हात वर उचलले जात, मान तिरकी होई, काही जण तर जागेवरून अर्धवट उठत. त्याचा पडद्यावर काडीचाही परिणाम होत नाही हे माहीत असूनही ही सवय अनेकांची मोठेपणीही सुटलेली नाही.

कानांनाही काम होते. घड्याळात १०० उरले की संगीताची लय एकदम वाढे आणि छातीत धडधड सुरू होई. त्या खेळातले एक एकक म्हणजे सेकंदाचे साधारण चार दशांश, म्हणजे १०० एकके हाताशी असताना खरे तर जेमतेम ४० सेकंदच उरलेले असत. ध्वनीसाठी यंत्रात पाचच मार्गिका होत्या: सुरावटीसाठी दोन, खालच्या सुरांसाठी एक, खरखरीतून ताल काढणारी एक आणि छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारी एक. खेळातल्या नाण्याचा किंवा उडीचा आवाज वाजला की त्या क्षणापुरता संगीतातला एखादा सूर बाजूला सरकून त्याला जागा देई. मला ते संगीत आठवते ते उड्यांच्या आणि नाण्यांच्या आवाजांनी मधून मधून खंडित झालेलेच. कुठे ते अखंड वाजले तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

चौथ्या आणि सातव्या जगाच्या शेवटचे किल्ले तर सरळ सरळ स्मरणशक्तीची परीक्षा घेत. योग्य वाट धरली नाही तर तोच रस्ता पुन्हा पुन्हा समोर येई, आणि आपण गोल फिरतो आहोत हे लक्षात येईपर्यंत वेळ संपत येई. कुठे वर, कुठे खाली असा तो रस्ता पाठ करावा लागे आणि चुकणाऱ्याला मागून कोणीतरी ओरडून सांगे. इतके करून किल्ल्याच्या शेवटी भेटणारा सेवक राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे सांगून आभार मानी. सात वेळा तेच.

ज्ञान तोंडोतोंडी पसरत होते, त्यामुळे खरे आणि खोटे यांची बेमालूम भेसळ होती. स्टेजच्या शेवटच्या झेंड्यावरून उडी मारून पलीकडे गेले तर गुप्त प्रदेश लागतो, असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी सगळीकडेच असे. एखाद्या स्टेजमध्ये ते खरोखर जमते, पण पलीकडे काही नाही, नुसता न संपणारा रस्ता आहे. उलट पहिल्या जगाच्या दुसऱ्या स्टेजमध्ये भिंतीतून विशिष्ट प्रकारे सरकत जाऊन शिरता येते अशा 'उणे एक' क्रमांकाच्या जगाची गोष्ट थापेसारखी वाटत होती आणि ती मात्र खरी निघाली. यंत्र त्या वेळी चुकून ३६ क्रमांकाच्या जगात नेते आणि त्या क्रमांकाचे चित्र म्हणजे कोरी जागा असल्यामुळे जग आणि स्टेज यांच्या आकड्यांमधली रेघ आणि पुढचा एक एवढेच उरून पडद्यावर नुसते 'उणे एक' दिसते. तिथे पाण्याखालची एक स्टेज आहे, जी संपली की पुन्हा तीच सुरू होते. आणखी एक साधे सत्य आमच्यापर्यंत पोचलेच नाही: सगळे जीव संपल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबले, तर ज्या जगात मेलो त्याच जगाच्या आरंभापासून खेळता येते. ही सोय कॅसेटमध्ये पहिल्यापासून होती. आम्ही मात्र दर वेळी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आजही पहिली दोन जगे आठव्या जगापेक्षा कितीतरी स्पष्ट आठवतात याचे कारण बहुधा हेच.

'कॉन्ट्रा'चा कोड मात्र सगळ्यांपर्यंत पोचला. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए आणि स्टार्ट. दोघांना खेळायचे असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर आणि १९८८ साली निंटेंडोच्या घरगुती कन्सोलवर आला. त्यात एक गोळी लागली की जीव जाई आणि जीव तीनच मिळत. या कोडने त्यांचे ३० होत. कोडची मूळ कथा 'कॉन्ट्रा'च्याही आधीची आहे. १९८६ साली 'ग्रेडियस' हा खेळ घरगुती कन्सोलवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यासाठी खेळून पाहायचा होता, पण तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. म्हणून त्यांनी सगळी शस्त्रे एकदम मिळवून देणारा हा क्रम आपल्या सोयीसाठी त्यात घातला आणि तो तसाच राहून गेला. हाशिमोतो २०२० साली वारले. ज्यांनी त्यांचे नाव कधीही ऐकलेले नाही अशा असंख्य लोकांच्या बोटांत तो क्रम अजून शाबूत आहे. तोंडाने म्हणायला सांगितला तर मी मध्येच अडखळतो; हातात कंट्रोलर असला की तो एका दमात होतो.

'कॉन्ट्रा'ची तिसरी स्टेज धबधब्याची आहे. तिथे पडदा उजवीकडे सरकण्याऐवजी वर सरकतो, आणि दोघे खेळत असताना जो भराभर वर चढतो त्याच्याबरोबर तो सरकत जातो. मागे राहिलेला दुसरा खेळाडू ज्या फळीवर उभा असतो ती पडद्याच्या खाली गेली, की तिच्याबरोबर त्याचा जीवही जातो. शत्रूच्या गोळ्यांनी नाही, जोडीदाराच्या घाईने. ताई धीराने खेळणारी होती. प्रत्येक फळीवर उभी राहून समोरचा शिपाई टिपल्याशिवाय ती पाऊल उचलत नसे. माझा सगळा जीव वर तरंगत येणाऱ्या एस अक्षराच्या बंदुकीत अडकलेला असे, जिच्यातून एका वेळी पाच दिशांना गोळ्या सुटत. मी उडी मारून वर जाई, ती खाली मरे, आणि मग खेळ पॉज करून खटला चाले. तिचे म्हणणे असे, की तुला दिसत होते मी कुठे आहे ते. माझे म्हणणे असे, की पुढे कोणीतरी जायलाच हवे. मग पुढच्या फेरीत ती मुद्दाम माझ्या आधी वर जाई. ती बंदूक मिळवून लगेच मेले तर बंदूकही जाई, आणि ती कुणामुळे गेली हा वाद जीव कुणामुळे गेला या वादापेक्षा जास्त वेळ टिकत असे.

या खेळांत जीवांचा हिशेब मुळात होताच का, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. तीन जीव आणि मग खेळ समाप्त, ही पद्धत नाणी टाकायच्या यंत्रांची. तिथे खेळणारा मेला की तो दुसरे नाणे टाकणार, म्हणून त्याने मरणे हा धंद्याचा भाग होता. घरातल्या कन्सोलमध्ये नाणे टाकायला फटच नव्हती, तरी ती पद्धत वारशाने आली आणि वेगळ्या कामी लागली. तासाभरात संपू शकणारा खेळ महिनोन् महिने पुरवायचा तर खेळणाऱ्याला वारंवार आरंभी परत पाठवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होता. या जुन्या खेळांच्या अवघडपणाचे जे कौतुक चालते त्यात म्हणूनच थोडे पाणी घालून प्यावे. कित्येक खेळ अवघड नव्हते, नुसते उर्मट होते.

ज्या खेळांत काही बनवता येई त्यांत विसराळूपणाचा फटका अधिक बसे. नामको कंपनीच्या १९८५ सालच्या 'बॅटल सिटी' या रणगाड्यांच्या खेळात विटांच्या भिंती, पोलाद, पाणी आणि झाडी हवी तशी मांडून स्वतःचे रणांगण उभारता येत असे. ज्याचे रक्षण करायचे त्या आपल्या तळावरच्या गरुडाभोवती पोलादाची भिंत बांधून घेणे हा प्रत्येकाचा पहिला उद्योग असे. १९८४ सालच्या 'एक्साइटबाइक'मध्ये मोटरसायकलच्या शर्यतीचा मार्ग स्वतः रचता येई, आणि तिथे यादीत 'सेव्ह' आणि 'लोड' असे दोन शब्दही होते. ते निवडून काहीही होत नसे. त्या मार्गांची साठवण करण्यासाठी टेपवर माहिती उतरवणारे एक वेगळे उपकरण लागे आणि ते जपानबाहेर कधी विकलेच गेले नाही. बाकीच्या जगाला मिळालेले ते दोन शब्द नुसते शोभेचे होते. म्हणून चढउतारांचा क्रम कागदावर लिहून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी वाचून वाचून पुन्हा मांडायचा. ताईच्या एका वहीत असे काही मार्ग होते, प्रत्येक उंचवट्याला तिने आपले चिन्ह ठरवलेले. शर्यत खेळण्यात तिला फारसा रस नव्हता, मांडण्यात होता.

कागदाचा आधार खुद्द खेळ बनवणाऱ्यांनीही घेतला. यंत्राला लक्षात ठेवता येत नाही ना, मग जिथवर आलात ते सगळे एका सांकेतिक शब्दात कोंबून खेळणाऱ्याच्याच हवाली करू, अशी ही पासवर्डची युक्ती होती. जपानमध्ये १९८७ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या दुसऱ्या भागात हा शब्द ५२ अक्षरांपर्यंत लांबू शकत असे, आणि जपानी लिपीतली एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे धूसर पडद्यावरून उतरवून घेताना एक जरी इकडचे तिकडे झाले तरी सगळी कमाई परत मिळण्याचा रस्ता बंद होई. १९८८ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'मध्ये तर पासवर्डही नव्हता. आठ जगांचा एवढा मोठा खेळ, आणि तो एका बैठकीत संपवायचा किंवा पॉज करून यंत्र चालू ठेवायचे, एवढे दोनच पर्याय. आम्ही दुसरा पत्करत होतो. टीव्ही मोठ्यांच्या स्वाधीन करायचा, पण कन्सोलचे बटण बंद करायचे नाही; त्यावर कोणाचा हात पडू नये म्हणून त्याच्यापुढे पुस्तके रचून ठेवायची. जेवून परत आल्यावर यंत्राच्या पाठीवर तळवा टेकवून ते कोमट आहे ना हे आधी पाहायचे आणि मगच टीव्हीचे चॅनल बदलायचे. वीज खंडित झाली तर कोणाशीच भांडता येत नसे, हे त्यातले खरे दुःख.

विसराळूपणावरचा खरा इलाज १९८७ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या अमेरिकेतल्या कॅसेटमधून आला. तिच्यात गोल चपटी बॅटरी बसवलेली होती आणि वीज बंद असतानाही तिच्या बळावर एक छोटी स्मृती जागी राही. त्यातही एक अट होती: खेळ बंद करताना आधी रीसेट दाबून धरायचे आणि ते दाबलेले असतानाच वीज बंद करायची, नाहीतर साठवलेले बिघडण्याचा धोका. आता गंमत अशी, की त्या बॅटऱ्यांचे आयुष्य संपत आले आहे. कित्येक कॅसेट अजून उत्तम चालतात, पण त्यांत कोणाच्या तरी नावाने साठवलेला प्रवास बॅटरीबरोबर पुसला गेलेला असतो. काही जाणकार आधी ती माहिती संगणकावर उतरवून घेतात आणि मग जुन्या बॅटरीचे धातूचे जोड वितळवून ती बदलतात. कुणाच्या तरी तलवारी आणि हृदये सांभाळण्यासाठी एवढी खटपट करणाऱ्यांविषयी मला आदर आहे.

कॅसेटवर फुंकर मारण्याचा विधी सगळ्यांना इतका पाठ आहे की त्यावर लांबण लावत नाही. फुंकरीने काही साधत नसे. काढून पुन्हा घातल्यामुळे संपर्क नीट बसे आणि श्रेय फुंकरीला मिळे. उलट श्वासातल्या ओलाव्याने कॅसेटचे धातूचे दात हळूहळू गंजत. निंटेंडोने फुंकर मारू नका असे सांगितलेही होते. ऐकतो कोण?

बंदुकीचा खेळ मात्र आता कुठल्याच उपायाने तसाच परत मिळत नाही. १९८४ सालच्या 'डक हंट'मध्ये बंदूक काहीच सोडत नसे, ती फक्त पाहत असे. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होई, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळीतल्या प्रकाशसंवेदकाला नेमक्या त्या वेळी उजेड दिसला तर बदक पडले असे धरले जाई. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेला होता, जो मिळालेला संकेत त्याच क्षणी दाखवत असे. आजचे सपाट पडदे चित्र दाखवण्याआधी किंचित वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात बंदुकीची पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. एका बदकाच्या खेळात रिकामा पडलेला कंट्रोलर दुसऱ्याने हातात घेतला तर बदकाला हवे तिकडे वळवता येते, हे आम्हाला कळले तेव्हा ताईने ते बरेच दिवस मला सांगितलेच नाही. माझी नेमबाजी अचानक का बिघडली हे शोधण्यात मी गुंतलो होतो आणि गवतातून वर येऊन हसणाऱ्या कुत्र्याकडे ती गंभीर चेहऱ्याने पाहत होती.

काचेच्या पडद्याबरोबर आणखीही काही गेले. १९९१ सालच्या 'सॉनिक द हेजहॉग'मधले धबधबे हे खरे तर उभ्या रेघांचे जाळे आहे, एक रेघ रंगीत, एक मोकळी. जुन्या टीव्हीला जाणाऱ्या तारेत आणि त्याच्या पडद्यावर रंग एकमेकांत मिसळत, त्या रेघा विरघळत आणि पाण्याआडचा डोंगर दिसू लागे. आजच्या लख्ख पडद्यावर रेघा रेघाच राहतात. लोक म्हणतात की आपण तेव्हाच्या चित्रांना मनातल्या मनात सुंदर करून घेतले; काही बाबतीत ती खरोखरच अधिक सुंदर दिसत होती. युरोपातल्या ज्यांनी हाच खेळ खेळला त्यांच्या आठवणीत तर सॉनिक आणि त्याचे संगीत दोन्ही थोडे संथ आहेत, कारण तिथले टीव्ही सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे दाखवत आणि खेळ त्या मानाने मंदावत असे.

आता हे सारे खेळ संगणकावर, फोनवर किंवा निंटेंडोने २०१६ साली आणलेल्या, ३० खेळ पोटात घेऊन येणाऱ्या छोट्या कन्सोलवर सहज खेळता येतात, आणि कोणत्याही क्षणी थांबून तो क्षण जसाच्या तसा साठवता येतो. लहानपणी पुरे करता आले नाहीत असे बरेच खेळ मी या सोयीच्या जोरावर संपवले. खड्ड्याच्या आधी साठवायचे, पडलो तर मागे यायचे, पुन्हा उडी. शेवटचा पडदा पाहिला, बरे वाटले. पण त्यांतली एकही स्टेज मला आठवत नाही. लक्षात ठेवण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतल्यावर माझ्याकडे ठेवण्यासारखे काही उरलेच नाही, असे काहीसे ते झाले. याच्या अगदी उलट टोकाला १९८९ सालचा कन्सोलवरचा 'टेट्रिस' आहे. २९ व्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगाने कोसळतात, की तिथे माणसाचे काम संपते असे वर्षानुवर्षे धरले जात होते. मग कंट्रोलरच्या पाठीवर बोटांनी तबल्यासारखी थाप देऊन बटण दाबण्याची रीत कोणीतरी काढली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ व्या लेव्हलपर्यंत मजल मारली. तिथे यंत्रच गोठले. हा मुलगा जन्मला तेव्हा तो खेळ विशीत होता.

ताई आणि मी अजूनही भेटलो की 'कॉन्ट्रा' लावतो. साठवण्याची सोय वापरायला तिचा ठाम नकार असतो, आणि त्यामागे जुन्या गोष्टींविषयीची निष्ठा वगैरे काही नाही. कोण कोणामुळे मेले हे बटण दाबून मागे जाऊन मिटवता आले तर भांडायचे कशावर, असा तिचा रोकडा सवाल आहे. अलीकडे तिला ३० जीवांचा कोडही नको असतो. तीन जीवांत आम्ही धबधब्यापर्यंत पोचतो, आणि तिथे वर आधी कोणी चढायचे हे अजून ठरलेले नाही.